डबा धरून की डबा सोडून?

पहिल्या सत्राची परीक्षा आणि दिवाळी यांचे आपल्याकडे फार जवळचे नाते आहे. भाजणीचा वास जिन्यापर्यंत पोहोचलेला असतो, माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरलेला असतो, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलांच्या दप्तरांतून तपासलेल्या उत्तरपत्रिका बाहेर निघतात. मग घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "किती पडले?" पडले ते वाईट असोत की चांगले, प्रश्न तिथेच संपतो. "काय कळले?" असे विचारणारा पालक मला तरी विरळाच भेटला.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. गणिताच्या प्रांतात हिची लुडबूड कशाला, असे कोणी म्हणेल. पण गणिताचे पुस्तकही शेवटी वाक्यांनीच लिहिलेले असते, आणि मुलाला वाक्य कळले की नाही हे पाहण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. शिवाय यंदा एक निमित्तही घडले. आमच्याच मजल्यावरची दोन मुले, दोघेही आठवीत, एकाच शाळेत. 'चलन' या प्रकरणावरच्या चाचणीत मुलीला विसांपैकी अठरा गुण मिळाले आणि मुलाला अकरा. मुलीच्या घरी पेढे आले. मुलाच्या आईने मात्र "गणित काही ह्याच्या नशिबात नाही" असे म्हणून टाकले, आणि दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळून पाहायचे नाही हे त्या बिचाऱ्याचे आठवीतच ठरून गेले.

दोघेही फराळाच्या वेळी माझ्याकडे आले होते. समोर लाडवांचा डबा होता. मी सहज विचारले, "रिकामा डबा तीनशे ग्रॅमचा आहे. त्यात दहा लाडू भरले तर डब्यासकट वजन आठशे ग्रॅम भरते. त्याच डब्यात वीस लाडू भरले, तर डब्यासकट वजन किती?"

मुलीला वही लागली नाही. "सोळाशे, काकू! दहाचे वीस झाले, म्हणजे दुप्पट."

मुलगा जरा घुटमळला. "डबा तोच ना?" म्हणाला. मी मान हलवली. "मग तेराशे." आणि थोड्या वेळाने, "पण काकू, वीस लाडू मावतील का हो ह्यात?"

आता मुलीवर अन्याय नको. मी तिला एवढेच विचारले, "लाडू दुप्पट झाले, पण डबे किती झाले?" त्याबरोबर ती खळखळून हसली. "अय्या, डबा एकच! तेराशे." म्हणजे समज तिच्यापाशीही होतीच. चाचणीतली सगळी उदाहरणे दुपटीला दुप्पट आणि तिपटीला तिप्पट अशा जातीची, त्यामुळे तिला ती समज वापरावीच लागली नव्हती. आणि मुलाचे गुण गेले होते ते मांडणीत आणि गुणाकारात. अठरा आणि अकरा हे दोन्ही आकडे खरे होते. पण कोणाला काय कळले आहे, हे त्यांतला एकही आकडा सांगत नव्हता.

दोन आकड्यांची गोष्ट

या डब्याच्या हिशेबाला गणितात रेषीय संबंध म्हणतात, कारण आलेखावर मांडला की सरळ रेषा मिळते. नाव भारदस्त आहे, पण आत दोनच गोष्टी आहेत : सुरुवातीला काय होते, आणि दर नगामागे किती वाढते. आपल्या डब्यात सुरुवातीला तीनशे ग्रॅम आणि दर लाडवामागे पन्नास. रिक्षाचे किमान भाडे आणि पुढे दर किलोमीटरचे भाडे, विजेच्या बिलातला स्थिर आकार आणि दर युनिटचा आकार, टाकीत आधीच असलेले पाणी आणि मिनिटागणिक पडणारे पाणी, सगळीकडे हीच जोडी.

मराठीने या दोघांसाठी शब्दही किती नेमके ठेवले आहेत! 'दरमहा', 'दरडोई', 'ताशी', 'प्रत्येकी', 'मागे' हे सगळे वाढीच्या दराचे शब्द. 'मुळात', 'आधीचे', 'सुरुवातीला', 'शिवाय' हे डब्याचे शब्द. ज्या मुलाला वाक्यातला 'दर' आणि 'मुळात' वेगळा काढता येतो, त्याचे अर्धे समीकरण मांडून झालेले असते. ज्याला तो काढता येत नाही, तो समोर दिसतील त्या आकड्यांचा गुणाकार करतो.

पूर्वी तेलासाठी घरचे भांडे दुकानात न्यावे लागे, तेव्हा दुकानदार आधी त्या भांड्याचा धडा करी. एका पारड्यात रिकामे भांडे, दुसऱ्यात त्याच्या तोलाचे काहीतरी, काटा मधोमध आला की मगच तेल ओतायचे. भांडे तेलात मोजायचे नसते, हे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाही. हल्लीच्या काट्यावर एक बटण दाबले की भांड्याचे वजन शून्य होऊन जाते. सोय झाली हे खरे. पण स्थिर भाग वेगळा आणि वाढणारा भाग वेगळा, ही गोष्ट मुलांच्या नजरेआड गेली. धडा या शब्दाचा पाठ हाही अर्थ आहे, ही मौज भाषेच्या शिक्षिकेला सुखावणारी आहे.

त्रैराशिकाची मोहिनी

आता प्रश्न असा की, अठरा गुणांच्या हुशार मुलीने सोळाशे का म्हणावे? याचे उत्तर तिच्यात नाही, आपल्या शिकवण्यात आहे. दुपटीला दुप्पट हा नियम आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त त्रैराशिक येते : प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी द्यायच्या आणि इच्छेचे फल काढायचे. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, झाले. व्यवहाराची किती कामे या एका रीतीने होतात! आणि 'फल' हा शब्द पाहा : अमुक घातले तर तमुक मिळते, या नात्याला आजचे गणितही 'फल' किंवा 'फलन'च म्हणते.

पण भास्कराचार्य नुसती रीत देऊन थांबले नाहीत. ती कुठे उलटी होते हेही त्यांनी सांगितले. जनावराचे वय वाढले की किंमत उतरते, सोन्याचा कस वाढला की त्याच पैशांत वजन कमी मिळते, माप मोठे घेतले की त्याच राशीची मापे कमी भरतात; अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक. म्हणजे रीत येणे आणि रीत कुठे लागू पडते हे ओळखणे, ही दोन वेगळी ज्ञाने आहेत, हे आठ-नऊ शतकांपूर्वीच्या शिक्षकाला ठाऊक होते. २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात 'चलन' या प्रकरणात हीच दोन नाती आहेत, समचलन आणि व्यस्तचलन. डब्यासकटचे वजन हे यांपैकी कोणतेच नव्हे. लाडू वाढले की वजन वाढते, पण दुपटीला दुप्पट नव्हे. दोनच खण असलेल्या कपाटात मूल तिसरी वस्तू कोंबते, यात नवल कसले?

आणि हे केवळ मुलांचे नाही. अमेरिकेत कॅथलीन क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एका उदाहरणाची हकीकत प्रसिद्ध केली. दोन मुली मैदानाभोवती सारख्याच वेगाने धावत आहेत. एक आधी निघाली आहे. तिच्या नऊ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या तीन झाल्या होत्या. दुसरीच्या पंधरा होतील तेव्हा पहिलीच्या किती? वेग सारखा, म्हणजे सहा फेऱ्यांचे अंतर कायम, उत्तर एकवीस. हा प्रश्न प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या ३३ जणांना घातला होता. त्यांतल्या ३२ जणांनी त्रैराशिक मांडले, म्हणजे उत्तर पंचेचाळीस!

बेल्जममध्ये लूवेनच्या संशोधकांनी तर दुसरीपासून आठवीपर्यंतच्या मुलांत ही चूक तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतली एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. नसती दुप्पट करण्याची ही खोड इयत्ता वाढत जाते तशी कमी होत नाही. आधी वाढते, आणि वरच्या प्राथमिक इयत्ता ओलांडल्यावर ओसरू लागते. थोडक्यात, ही खोड मूल शाळेतच शिकते. जितकी त्रैराशिके जास्त, तितकी ती पक्की.

याच्या उलट चूकही आहे. अमेरिकेतलेच रॉबर्ट कार्प्लस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९७०च्या सुमारास ते मुलांना दोन चित्रांतल्या माणसांचे कोडे घालीत. त्यांना आपण बुटकेराव आणि उंचेराव म्हणू. बुटकेराव चार बटणे उंच, उंचेराव सहा बटणे उंच. कागदाच्या टाचण्यांनी मोजले तर बुटकेराव सहा टाचण्या भरतात. मग उंचेराव किती? बरोबर उत्तर नऊ. पण पुष्कळ मुले आठ म्हणतात : दोन बटणे जास्त, म्हणून दोन टाचण्या जास्त! इथे गुणायचे तिथे मुलांनी मिळवले. आणि डब्यात काही मिळवायचे होते तिथे नुसते गुणले. दोघांच्या वहीत लाल फुली एकच, आजार मात्र अगदी परस्परविरुद्ध. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको.

फुली काय सांगते?

म्हणून चुकीचे उत्तर हे टाकून देण्याची वस्तू नव्हे. आपल्याच प्रश्नाची चार उत्तरे घ्या. तेराशे म्हणणाऱ्याने डबा आणि लाडू वेगळे ओळखले. सोळाशे म्हणणाऱ्याने डबाही दुप्पट केला. हजार म्हणणाऱ्याने लाडवांचे वजन नीट काढले, पण डबा विसरला. आणि आठशे दहा म्हणणाऱ्याने दहा लाडू वाढले म्हणून दहा मिळवले. त्याला 'दर लाडवामागे' हीच कल्पना पोचलेली नाही. पर्याय असे विचार करून दिले तर साठ मुलांच्या वर्गातही पाच मिनिटांत कळते की, उद्या कोणाला काय शिकवायचे आहे. तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहून द्यावे. गुण द्यायचेच नाहीत.

बरोबर उत्तराच्या बाबतीतही सावध राहावे लागते. स्टॅन्ली अर्लवॅंगर यांनी १९७३ साली बेनी या टोपणनावाच्या एका बारा वर्षांच्या मुलाची कथा लिहिली आणि गणितशिक्षणाच्या जगात ती अजून सांगितली जाते. सहावीतला हा मुलगा आपापल्या गतीने उदाहरणे सोडवीत पुढे जाण्याच्या पद्धतीत शिकत होता. उत्तरे सूचीशी ताडायची, पुरेशी जुळली की पुढचा टप्पा. बेनीची प्रगती चांगली समजली जात होती. अर्लवॅंगर त्याच्याशी शांतपणे बोलत बसले, तेव्हा कळले की दोन दशांशचे दशांश अपूर्णांकात तो एक पूर्णांक दोन दशांश करी. दोन आणि दहा मिळून बारा, मध्ये टिंब दिले की झाले! त्याच नियमाने पाच दशांशचे दीड. त्याने असे कितीतरी नियम स्वतःच रचले होते, आणि सूचीतले उत्तर हुडकणे म्हणजे गणित अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. गुणांनी हे कधी दाखवले नाही, एका मोठ्या माणसाने "हे तू कसे केलेस?" असे विचारले तेव्हा ते दिसले.

समज तपासण्याच्या पायऱ्या

तर मग रेषीय संबंध मुलाला कळला आहे, हे ओळखावे कसे? लाडवांचा डबाच पुढे घेऊ. दहा लाडवांना आठशे, वीस लाडवांना तेराशे. तीस लाडवांना किती? अठराशे. पण हे उत्तर नुसत्या पाचशेच्या उड्या मारूनही येते. म्हणून पुढे विचारावे, सदतीस लाडवांना किती? इथे उडी पुरत नाही, नियम लागतो : पन्नास गुणिले सदतीस, अधिक तीनशे, म्हणजे दोन हजार एकशे पन्नास. मग उलटा प्रश्न : डबा साडेअकराशे ग्रॅम भरला, लाडू किती? ज्याने आधी तीनशे वजा केले आणि मग पन्नासने भागून सतरा आणले, त्याला नियम दोन्ही बाजूंनी कळला.

यापुढची पायरी आकड्यांची नाही. डबा जड घेतला तर रेषेचे काय होईल? सगळी रेषा तशीच वर सरकेल. लाडू मोठे वळले तर? रेषेचा चढ वाढेल, पण सुरुवात तीच राहील. रेषा शून्यापासून का निघत नाही? कारण लाडू नसले तरी डबा असतोच. हे जो आपल्या शब्दांत सांगतो, त्याला कोष्टक, आलेख, समीकरण आणि बोलणे ही एकाच गोष्टीची चार रूपे आहेत हे उमगले आहे. आमच्या शेजारच्या मुलाचे "मावतील का?" हेदेखील याच पायरीवरचे : नियम कुठपर्यंत चालतो, हा प्रश्न पुष्कळ पदवीधरांनाही सुचत नाही. आलेख काढायला दिला तेव्हा त्याने ठिपके काढले आणि रेषेसाठी पट्टी उचलून थबकला. "अर्धा लाडू कोण ठेवतं, काकू?" ठिपके जोडावे की नाही, हा त्याचा प्रश्न खऱ्या गणितज्ञाचा होता. चाचणीत त्याला अर्थातच जागा नव्हती.

उतरत्या रेषेचीही परीक्षा घ्यावी. वीस सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला दोन सेंटिमीटर जळते. अकरा तासांनी तिची उंची किती? वजा दोन, असे उत्तर निमूटपणे लिहिणारी मुले आहेत. म्हणजे मेणबत्ती संपून टेबलही दोन सेंटिमीटर जळाले म्हणायचे!

आलेखाचे तर वेगळेच प्रकरण. नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने १९८५ साली याच विषयावर शिक्षकांसाठी एक सुरेख पुस्तक काढले. त्याचे नाव 'द लँग्वेज ऑफ फंक्शन्स अँड ग्राफ्स', म्हणजे फलांची आणि आलेखांची भाषा. भाषा हा शब्द गणितवाल्यांनीच वापरला, मी नव्हे! आलेखाला चित्र समजणे ही मुलांची एक नेहमीची चूक. घरापासूनचे अंतर दाखवणारी रेषा आधी वर गेली, मग आडवी झाली, मग खाली आली, की मूल सांगते : तो डोंगर चढला, पठारावरून चालला आणि उतरला. प्रत्यक्षात तो शाळेत गेला, तिथे थांबला आणि घरी परतला. आडवी रेषा म्हणजे चालणे नव्हे, थांबणे. हा वाचनाचाच दोष आहे, आणि वाचनासारखाच तो मोठ्याने वाचून घेतला तर सुधारतो.

गुण आणि शेरा

आपल्याकडे याला शब्द नाहीत असे नाही. शाळांतून आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन असे दोन प्रकार आहेत. शिकणे चालू असताना, शिकणे सुधारावे म्हणून करायचे ते आकारिक. सत्राअखेर किती झाले ते पाहायचे ते संकलित. शिजताना भाताचे शीत चेपून पाहणे आणि पानात वाढल्यावर चव सांगणे, यांत जो फरक आहे तोच. दुर्दैवाने शीतही आपण गुणांच्या रकान्यातच चेपतो.

इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र त्या शेऱ्याचा लाभ झाला नाही. गुण दिसल्यावर शेरा वाचतो कोण? उत्तरपत्रिका हातात येताच आपण पहिल्यांदा कुठे पाहतो, ते आठवावे म्हणजे पटेल.

शिक्षकांना दोष देण्याचा हा उद्योग नव्हे. वह्यांचे गठ्ठे, भरायचे तक्ते आणि संपवायचे पाठ यांच्यात एकेका मुलाशी बोलणे किती अवघड आहे, ते मी जाणते. पण घरी तर मूल एक किंवा दोनच असतात! यंदाच्या सुट्टीत उत्तरपत्रिका पुन्हा उघडा. गुणांवर हात ठेवा. चुकलेले एक उदाहरण घ्या, आणि बरोबर आलेलेही एक घ्या. दोन्हींबद्दल एकच विचारा : "हे तू कसं केलंस, मला सांगशील?" मध्ये बोलू नका. स्वयंपाकघरातला काटा हाताशी असेल तर डबा, लाडू घेऊन बसा.

आमच्या शेजारच्या मुलाचे गुण अर्थात अकराच राहिले. गुणाकार त्याला पक्के करावेच लागतील, आणि मांडणीही. पण त्याच्या आईने मेणबत्तीचा प्रश्न त्याच्याकडून समजावून घेतला आणि विज्ञान शाखेचा विषय सध्या तरी नववीच्या निकालापर्यंत पुढे ढकलला आहे. हेही काही थोडे झाले नाही.

शेवटी, गुण हे डब्यासकटचे वजन असते. त्यात पाठांतर असते, शिकवणी असते, अक्षराचे वळण असते, परीक्षेच्या दिवशीची भीती असते, आणि आत कुठेतरी समजही असते. ती किती, हे पाहायचे तर आधी धडा करावा लागतो, आणि त्याला दिवाळीच्या सुट्टीतली एक निवांत दुपार पुरते.